डावीकडचा झोल

१८ नोव्हेंबर २००४, गुरुवार

ॲन्सेल्मची गाडी आली. दोर बांधून, टेम्पोमागे ओढत, सांडोरपासून बोळिंजपर्यंत. गॅरेजच्या दारात उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मस्कतहून परतताना सोबत आणलेली विलायती जीप. चार वर्षं नुसतं कौतुक — "भाऊ, वळणावर कलतच नाही!" खरंच नाही कलायची. तिच्या पोटात एक पंप, पंपात तेल, आणि त्यावर कॉम्प्युटर. गाडी डावीकडे वळली की तेल धावत जाऊन उजवी बाजू उचलून धरणार. आता ते तेल सगळं वसईच्या रस्त्यांवर सांडलंय. पंप जाम, पट्टा तुटलेला.

पट्टा तुटेपर्यंत हा गृहस्थ तशीच चालवत होता! लाल दिवा लागलेला दिसत होता, म्हणे. परवा नाक्यावरच्या वळणाला गाडी अशी काही कलली की मागे बसलेली त्याची आई, डेल्फिनमावशी, दारावर आपटली. मार्चमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं तीच बाजू. हाड वाचलं, पण मावशी आता या गाडीत पाय ठेवायला तयार नाहीत.

आणि बसायला तर हवंच. त्यांची धाकटी बहीण जव्हारच्या पलीकडे मिशनमध्ये सिस्टर आहे. अंथरुणाला खिळलीय. ख्रिसमस बघेलसं डॉक्टरांना वाटत नाही. रस्ता घाटाचा, वळणावर वळण.

ॲन्सेल्म म्हणाला, "भाऊ, तुम्ही ओके म्हणा. मग मम्मी बसेल. तुमच्यावर विश्वास आहे तिचा."

म्हटलं, बघतो. दुसरं काय म्हणणार?

१९ नोव्हेंबर

गाडीखाली अर्धा दिवस. तेलाचे पाइप इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंत गेलेत. खाऱ्या हवेनं खाऊन टाकलेत, बोट लावलं की पापुद्रे निघतात. कंपनीचा माल मागवला तर तीन महिने. मावशींच्या बहिणीकडे तीन महिने नाहीत.

मग ॲन्सेल्मला सांगून टाकलं — ही सगळी भानगड काढून फेकतो आणि साधे जंपिंग रॉड घालतो. एक पुढे, एक मागे. वाकवलेला पोलादी दांडा, डावं-उजवं चाक एकमेकांना बांधून ठेवतो. ना तेल, ना कॉम्प्युटर. याच गाडीच्या स्वस्तातल्या मॉडेलला कंपनी तेच घालते. वळणावर थोडी कलेल, पण माणसासारखी कलेल.

त्याचा मेहुणा क्लेमेंट शारजाहून सुट्टीवर येतोय. तिथल्या भंगारातून जोडी घेऊन येईल.

२० नोव्हेंबर

पंप निघाला. माझी पाठही निघाली.

२४ नोव्हेंबर

पाइप सगळे काढले. तेलानं अंग असं माखलं की बायकोनं, जयवंतीनं, मला दारातच उभं केलं. "आत येऊ नका, आधी साबण घ्या!" वर्तमानपत्र अंथरून त्यावर उभा राहिलो, चोरासारखा.

दमायला होतं आता. पूर्वी असलं काम दोन दिवसांत उरकायचो आणि संध्याकाळी पत्ते कुटायला बसायचो. आता छप्पन्नचा झालो. नव्या गाड्या तर मला बघून हसतात. ज्यात त्यात वायर, ज्यात त्यात कॉम्प्युटर. एकच गोष्ट माझी राहिलीय — बैठक. मुंबईच्या वर्कशॉपात सत्तावीस वर्षं काढली, तिथे नियमच होता: जोवर दिनानाथ बसून चालवून येत नाही तोवर गाडी गेटाबाहेर जायची नाही. फोरमन म्हणायचा, "टेप ठेव बाजूला. दिन्याच्या बुडाला विचार." हसायचे सगळे. पण विचारायचे!

ॲन्सेल्मला माझं 'ओके' हवंय ते याच्यासाठी.

२८ नोव्हेंबर, रविवार

क्लेमेंट रॉड घेऊन आला. दोन्ही दांडे चादरीत गुंडाळून वर दोरी. विमानतळावर तीन वेळा सोडायला लावलं, म्हणाला. "साहेब, बंदूक नाय, जंपिंग रॉड हाय — शेवटी गाडीचा फोटो काढून दावला!" माल उत्तम. गंज नाही, चीर नाही.

३० नोव्हेंबर

दोन्ही रॉड बसले. रबर नवे, लिंक नव्या. पंप गेल्यामुळे पट्टा आखूड लागतो. सुतळीनं माप घेऊन वसईतून आणला, पहिल्या फटक्यात बसला. लाल दिव्याची वायर शोधून सोडवली. नुसती दिव्यावर काळी टेप मारून झाकणारे आहेत, मी नाही.

आज बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय. उद्या चालवतो.

१ डिसेंबर, बुधवार

आगाशीपर्यंत जाऊन आलो. वळणं झकास. थोडी कलते, लगेच सावरते. मनात म्हटलं, दिनानाथ, जिंकलास.

आणि सरळ रस्त्याला लागलो तर गाडी डावीकडे झुकलेली! फार नाही. बसल्या जागी डावा कुल्ला जरा खाली. रस्त्याचा उतार असेल म्हणून परत फिरलो — उलट्या दिशेनंही डावीकडेच. रस्त्याचा उतार दोन्हीकडून डावीकडे कसा असेल?

२ डिसेंबर

लिंक सोडल्या, परत आवळल्या. चारही टायरची हवा बघितली. डाव्या बाजूच्या स्प्रिंगा उजवीकडे घातल्या. जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावला — डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे, सुताचाही फरक नाही. बसलो. डावीकडे.

टेपला काय कळतंय!

३ डिसेंबर

नसता घोळ झाला. सकाळी ॲन्सेल्मचा फोन: मिशनमधून निरोप आलाय, सिस्टरची तब्येत खालावतेय, पण शुद्धीवर आहे, बोलते, ताईला बोलवा म्हणते. गाडी आज मिळेल का?

मी म्हटलं, "आज नको. गाडीत झोल आहे."

मला म्हणायचं होतं झोल — गाडी झोल खातेय, झुकतेय. त्यानं ऐकलं झोल. म्हणजे लबाडी! आणि गाडीत नवं काय, तर क्लेमेंटनं आणलेले रॉड. पुढचं काही न ऐकता फोन ठेवला आणि घरात क्लेमेंटवर तुटून पडला — मेहुण्यालाच फसवतोस, कुठला चोरीचा माल आणलास! क्लेमेंट बिचारा बॅग उचलून कळंबला मित्राकडे निघून गेला. इझाबेलनं, म्हणजे ॲन्सेल्मच्या बायकोनं, भावासाठी रडून घर डोक्यावर घेतलं. दुपारी मला हे सगळं कळलं तेव्हा फोनवरच हात जोडले. रॉडमध्ये खोट नाही रे बाबा, गाडी नुसती कलतेय!

"किती कलते?"

"थोडी."

"मग चालेल ना भाऊ?"

नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर सोडली असती. पण जी बाई एकदा दारावर आपटलीय तिला मी कलत्या गाडीत घाटात पाठवणार नाही.

४ डिसेंबर

नालासोपाऱ्याला अल्पेशकडे गाडी नेली. पंचविशीतला गुजराती पोरगा, पण त्याच्याकडे चाकं तपासायचं कॉम्प्युटरचं मशीन आहे. माझ्यासारख्यानं त्याच्या दारात उभं राहायचं, हेच जिवावर आलं होतं.

मशीननं सगळं हिरवं दाखवलं. "अंकल, एकदम परफेक्ट. शोरूमसे निकली वैसी."

म्हटलं, तू बस. बसला, हायवेपर्यंत जाऊन आला. "कुठे कलते? मला तर नाय वाटत."

मनात म्हटलं, तुला कसं वाटेल रे, तू तर पडद्याकडे बघून गाडी ओळखतोस! आभार मानून निघालो. येताना सबंध रस्ता डावीकडे.

५ डिसेंबर

रविवार असून गाडीखाली. काही नाही. हात टेकले.

६ डिसेंबर

डेल्फिनमावशी स्वतः आल्या. रिक्षातून, वॉकर घेऊन, ॲन्सेल्मला न सांगता. मी गाडीखाली होतो, मला आधी वॉकरचे चार पाय दिसले.

"दिनू, भायेर ये."

आलो. त्यांनी गाडीचं दार उघडायला लावलं आणि मागे जाऊन बसल्या. पाय ठेवणार नाही म्हणणाऱ्या! मांडीवर हात ठेवून सरळ समोर बघत राहिल्या.

"माला तं काय वाकडी नाय वाटत."

मावशी, उभ्या गाडीत नाही कळणार, मी म्हटलं. दोन दिवस द्या. एवढे दिवस थांबलात.

"तू माझ्यासाटी करतंस ते ठावं हाय माला. पन माजी बहीन वाट बगते रे. तिनं सोला वर्साची असताना घर सोडलं, तवापासून दर नाताळाला मीच जाते तिच्याकडं. ह्या साली हाडानं घोटाला केला. वाकडी तं वाकडी! तू हो म्हन, की आमी निघालो."

माझ्या तोंडातून 'हो' निघालं नाही. लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी मला मावशींपेक्षा माझ्या बैठकीचं पडलं होतं. सत्तावीस वर्षांत बूड एकदाही चुकलं नाही. आज चूक म्हटलं तर माझ्याकडे राहिलं काय?

दोन दिवस, एवढंच परत म्हणालो. त्या वॉकर धरून उतरल्या. रिक्षा बोलावून दे म्हणाल्या.

७ डिसेंबर

मागचा रॉड पुन्हा काढून पुन्हा बसवला. डावीकडे.

८ डिसेंबर, बुधवार

सकाळी ॲन्सेल्म मावशींना रिक्षातून घेऊन आला आणि आल्या आल्या किल्ली मागितली. मी म्हटलं, मी ओके दिलेलं नाही. "नका देऊ, भाऊ," म्हणाला. "मिशनमधून पुन्हा फोन आला." किल्ली दिली. गाडी गेटाबाहेर गेली तेव्हा मागच्या काचेत मावशींचा पांढरा अंबाडा दिसला, सरळ होता की कललेला ते बघायची हिंमत झाली नाही.

दिवसभर हातात पाना धरून बसलो. प्रत्येक फोन मीच धावत उचलला. घाटातलं एकेक वळण डोळ्यांसमोर. जयवंती म्हणाली, "जेवा तरी." ताट तसंच सरकवलं.

९ डिसेंबर

सुखरूप आले!

ॲन्सेल्म गाडी घेऊन थेट गॅरेजवर आला. घाटात मावशी झोपल्या होत्या म्हणाला. "भाऊ, मख्खन. आधीपेक्षा बरी."

आणि सिस्टर?

"आहे. डोळे उघडे आहेत. पण परवापासून ओळखत नाही कुणाला. मम्मी हात धरून बसून राहिली, ती छताकडे बघत होती. सोमवारपर्यंत बोलत होती, तिथल्या सिस्टर म्हणाल्या. मम्मीचं नाव घेत होती." मग म्हणाला, "तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

सोमवार म्हणजे सहा तारीख. मावशी त्याच दिवशी वॉकर घेऊन माझ्या दारात आल्या होत्या.

तो चहा आणायला गेला तेव्हा मी गाडीत बसलो, नाक्यापर्यंत नेऊन आणली. अजून डावीकडेच. म्हणजे मी बरोबर होतो. यांना कळत नाही, किंवा कळूनही माझं मन राखताहेत. मग बरोबर असूनही इतकं वाईट का वाटतंय?

१० डिसेंबर

गॅरेज उघडलं नाही. झोपून होतो.

११ डिसेंबर, शनिवार

सकाळी चहाला स्वयंपाकघरात पाटावर बसलो. पाट डावीकडे झुकला होता. फिरवून बसलो — डावीकडे. दुसऱ्या लादीवर सरकवून बसलो — डावीकडे. जयवंतीला बसायला सांगितलं. ती बसली, माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "सरळ तर आहे. अहो, काय झालं?"

पाटाला चाकं नसतात.

गाडी पहिल्या दिवसापासून सरळ होती. जयवंती डॉक्टरचा नंबर शोधतेय. मी तिला म्हटलं, ते दुपारी. आधी सांडोरला जाऊन मावशींना सांगून येतो. रिक्षानं जातो.