कॅनडाचे जाणकार, मुक्काम होटगी रोड

२८ सप्टेंबर २०२५, रविवार
आजपासून रोज लिहायचं. विचारवंताची रोजनिशी असावी लागते.

माझ्या 'कॅनडा कट्टा' या चॅनलचा लाइव्ह सकाळी झाला. विषय: तिथला टपाल संप. शिक्षण खात्यात अख्खी नोकरी आवक-जावक टेबलावर केली, शेवटी हेडक्लार्क झालो. टपालावर माझ्याइतका अधिकार खुद्द कॅनडात कुणाचा नसावा. संप आठवड्यात मिटेल, असं सांगून टाकलं. प्रेक्षक नऊ. त्यातला एक मीच, बायकोच्या, रुक्मिणीच्या मोबाइलवरून.

लोक विचारतात, कॅनडाच का? अहो, आमची लेक इंद्रायणी तिथे ब्रॅम्प्टनला आहे. एम.टेक. मी स्वतः गेलेलो नाही, पण स्ट्रीट व्ह्यूवर सगळं ब्रॅम्प्टन पायाखाली घातलंय. आमच्या सोलापुरातल्या विजापूर वेशीपेक्षा तिथले रस्ते मला जास्त पाठ आहेत.

१ ऑक्टोबर
इंद्रायणीचा फोन. वर्क परमिट ऑगस्टमध्येच संपलं म्हणे. आता व्हिजिटर म्हणून राहते. व्हिजिटरला काम करता येत नाही, म्हणून गुपचूप करते. एका मिठाईवाल्याच्या किचनमध्ये पेढे-बर्फी पॅक करायचं काम. टायरच्या दुकानापाशी वळून मागच्या निळ्या दारानं जायचं, बेल बंद असते. दारावर दोन टकटक, जरा थांबून तिसरी, की आतून उघडतात. अशा तिघी मुली आहेत.

'बाबा, कुणाजवळ बोलू नका,' असं दोनदा म्हणाली. रुक्मिणी रडायला लागली. मी दोघींना समजावलं की हा केवळ कागदाचा प्रश्न आहे. डिसेंबरपर्यंत पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, होऊन जाईल. तोवर फ्रेंच शीक म्हटलं, फ्रेंचवाल्यांना तिथे झुकतं माप आहे. तिनं मधेच फोन ठेवला. रेंज खराब असावी.

५ ऑक्टोबर, रविवार
आजचा लाइव्ह म्हणजे कळस. विषय: कॅनडा स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घेतो. घरं महागली की परदेशी पोरांवर खापर, दवाखान्यात रांग लागली की परदेशी पोरांवर खापर. शब्द दिला होता म्हणून इंद्रायणीचं नाव घेतलं नाही. 'सोलापूरची एक एम.टेक. मुलगी, जिचे वडील शिक्षण खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले,' एवढंच म्हणालो. ती चोरासारखी मागच्या दारानं जाऊन पेढे भरते, हे सांगताना आवाज भरून आला. थांबवला नाही. कॅमेऱ्यावर चांगलं दिसतं.

गुरप्पाचा लगेच फोन. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधला हा एकटाच मला मनापासून ऐकतो. म्हणाला, 'लई भारी बोललास की! आमच्या हिच्या डोळ्याला पानी आलं बघ.'

९ ऑक्टोबर
व्हायरल! तिथल्या कुणा मराठी माणसानं व्हिडिओ शेअर केला, दुसऱ्यानं खाली इंग्रजी ओळी टाकल्या. कॉमेंट्सचा नुसता पाऊस. निम्म्या शिव्या आहेत. 'परत न्या तुमच्या मुली,' वगैरे. मी प्रत्येकाला उत्तर देतोय. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, ही खात्याची शिस्त.

रुक्मिणी म्हणते व्हिडिओ काढून टाका. तिला रीच म्हणजे काय ते माहीत नाही.

११ ऑक्टोबर
शेवटी एक सज्जन भेटला. नाव फक्त आर. टी. फोटोच्या जागी तळ्याचं चित्र. अतिशय अदबीनं लिहितो. गोष्ट हृदयाला भिडली, अशा मुलींसाठी काही करावंसं वाटतं, ते किचन नेमकं कुठे आहे?

आता, पत्ता विचारणाऱ्याला अर्धवट पत्ता सांगणं आम्हा सोलापूरकरांच्या रक्तात नाही. चौकात कुणी विचारलं तर आम्ही गाडीवर मागे बसून घरापर्यंत सोडून येतो. स्ट्रीट व्ह्यू उघडून बसलो आणि त्याच्या कॉमेंटखालीच लिहिलं: पेट्रोल पंपावरून सरळ, टायरच्या दुकानापाशी डावीकडे, मागे करड्या शटरशेजारी निळं दार. बेल बंद असते. दोन टकटक, थांबून तिसरी. स्पेलिंग डिक्शनरीत तपासलं.

त्यानं अंगठा पाठवला.

रुक्मिणीनं विचारलं, त्याला पत्ता कशाला हवाय? बायकांचा स्वभाव संशयी.

१५ ऑक्टोबर
आर. टीं.नी विचारलं, सुट्टी कोणत्या वारी असते, मुली किती. कळवलं. हा माणूस फक्त प्रश्न विचारतो, स्वतःचं मत कधी देत नाही. याला म्हणतात विनय. आपल्याकडे दुर्मीळ.

टपाल संप चालूच. अंशतः मिटलाय, असं मी मानतो.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
इंद्रायणीचा व्हिडिओ कॉल. दिवाळीला जुनाच स्वेटर. म्हणाली, टायरच्या दुकानासमोर दोन-तीन दिवस एक पांढरी गाडी उभी असते, आतली माणसं उतरत नाहीत. मी हसलो. थंडी आली की तिथे टायर बदलावे लागतात, गिऱ्हाईक असणार. क्यूबेक प्रांतात तर कायदाच आहे. सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

मग विचारलं, 'बाबा, किचनमध्ये सगळे कुठल्यातरी व्हिडिओबद्दल बोलतायत. तुम्ही काही बोलला नाहीत ना?' मी म्हटलं, तुझं नाव मी आजवर कुठे घेतलेलं नाही. हे शंभर टक्के खरं आहे.

अनारसे नीट लागले नाहीत. तळणीत काहीतरी बिघडलं असावं.

२२ ऑक्टोबर
पत्त्याची कॉमेंट काढून टाकावी की काय, असं मनात आलं. पण फ्लेक्सवाला चन्नवीर म्हणतो, चालत्या पोस्टला हात लावला की रीच बसते. तो सगळ्या नगरसेवकांचं सोशल मीडिया बघतो, त्याला कळतं. उद्या बघू.

२६ ऑक्टोबर, रविवार
आज नक्की काढणार होतो. लाइव्हच्या गडबडीत राहिलं.

२ नोव्हेंबर, रविवार
टोरांटो बेसबॉलची फायनल हरलं. जिंकणार असं मी छातीठोक सांगितलं होतं. पंचांची चूक दिसते.

इंद्रायणीचा आठवडाभर फोन नाही. कारण उघड आहे. तिकडे आज घड्याळं तासभर मागे घेतात. माणसाची सगळी दिनचर्या विस्कटते. रुक्मिणीला हे समजावलं. ती म्हणाली, घड्याळ आज मागे गेलं, पोरगी आठवडाभर गप्प आहे. तिच्या बोलण्यात तर्क कमी असतो.

५ नोव्हेंबर
कॅनडाचं बजेट आलं. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे आकडे आणखी खाली. खास लाइव्ह घेतला. म्हटलं, जे आत आहेत त्यांना काडीचाही धोका नाही.

आर. टीं.चं अकाउंट उघडत नाही. सुट्टीवर गेले असतील.

७ नोव्हेंबर
फोन आला, पण रुक्मिणीच्या मोबाइलवर. ती गच्चीवर गेली. खाली आली तेव्हा कणीक तशीच टाकून पाटावर बसून राहिली.

मग सांगितलं. मंगळवारी किचनवर इमिग्रेशनवाल्यांची धाड पडली. तिघीही सापडल्या. पासपोर्ट काढून घेतलेत. रुक्मिणी म्हणाली, दार रोजच्यासारखंच वाजलं, दोन आणि थांबून एक, म्हणून इंद्रायणीनंच जाऊन उघडलं.

मी म्हटलं, रुटीन तपासणी आहे. आमच्याकडेही ऑडिट यायचं, पुढे काही होत नाही. रुक्मिणी माझ्याकडे बघत राहिली. मी उठून खिडक्या लावून घेतल्या. वातावरणात धूळ फार आहे सध्या.

दार वाजवायची पद्धत कुणालाही सुचू शकते. अवघड काय त्यात?

८ नोव्हेंबर
कॉमेंट काढून टाकली. व्हिडिओही. उपयोग नाही. स्क्रीनशॉट फिरतोय, माझ्या नावासकट. स्पेलिंग मात्र सगळं बरोबर आहे.

१८ नोव्हेंबर
बजेट दोन मतांनी तरलं. सरकार पडणार, असं मी म्हणालो होतो. हल्ली काही सांगता येत नाही. लाइव्ह घशामुळे बंद.

इंद्रायणीला देश सोडायचा हुकूम झाला. वर्षभर परत जाता येणार नाही. वर्षभर म्हणजे काही फार नाही. रुक्मिणीला हे सांगायला गेलो तर ती शेजारी निघून गेली.

३० नोव्हेंबर, रविवार
इंद्रायणी आली. हैदराबादला उतरून सकाळच्या गाडीनं. रुक्मिणी एकटीच स्टेशनवर गेली, मला घरीच थांबा म्हणाली. मी तिघांचा चहा करून ठेवला. काय झालं त्याचा खुलासा मुद्देसूद तयार होता. हेतू चांगला होता, आर. टी. नावाच्या माणसानं विश्वासघात केला, कॅनडाचं धोरण मुळातच चुकीचं आहे.

तिनं नेहमीसारखा वाकून नमस्कार केला. बारीक झालीय. चहा निम्मा ठेवला. खुलासा सुरू केला तर म्हणाली, 'राहू द्या बाबा.'

दुपारी तिच्याबरोबर सापडलेल्या पिंकीच्या वडिलांचा फोन आला, पंजाबातून. स्पीकरवरच होता. त्यांनी मुलीला पाठवायला शेत विकलं होतं. मोठ्यानं बोलत नव्हते. एवढंच विचारत होते की बेटा, तो व्हिडिओवाला तुमच्याच गावचा आहे ना, तू ओळखतेस का त्याला?

मी समोरच्या खुर्चीत होतो. इंद्रायणीनं माझ्याकडे पाहिलं. 'नाही अंकल,' म्हणाली, 'मी नाही ओळखत.'

मग फोन ठेवून आत जाऊन झोपली.

संध्याकाळी गुरप्पाचा फोन. कट्टा कधी चालू करतोस, कॅनडात काय चाललंय, म्हणत होता.

माहीत नाही म्हटलं.