माझ्या चेहऱ्यावर परका आवाज चालणार नाही

मी, नागसेन कुसुम वाव्हळे, वय चौसष्ट, धंदा नट, राहणार मानवत, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. लिहिताना अंगात राग आहे. तो शुद्धीवर असल्याचाच पुरावा समजावा. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण माझे काही कुणाला हवे असेल असे वाटलेच नव्हते. आता हवे झाले आहे.

१. प्रथम माझी ओळख. मधले नाव आईचे आहे. आई कुसुमबाई परभणीला दवाखान्यात परिचारिका होती. वडील इद्रीस उस्मान सुदान देशाचे, कापसाच्या शेतीचे शिक्षण घ्यायला परभणीस आलेले. दोघांनी रीतसर लग्न केले. मी पोटात असताना वडील आजारी आजोबांना भेटायला मायदेशी गेले आणि तिथे मोटार उलटून वारले. त्यांच्या सोबत्यांनी घरी येऊन आईला तसे सांगितले. तरी "हबशी पोरीला टाकून पळाला" हेच गावात चालले, आजही चालते. ते पळाले नव्हते, वारले होते. मेलेल्या माणसाची अब्रू राखायला दुसरी जागा मिळाली नाही, म्हणून इथे नोंदवतो.

२. मानवत येथील राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी पत्नी शुभदा हिला जावे. तिच्या पश्चात ते माझे मामेभाऊ माणिकराव यांची मुलगी निकिता हिला मिळावे. निकिता आमच्या नाटक मंडळीत काम करते. समोरच्या मोठ्या खोलीत तालमी होतात, त्या तिने बंद पाडू नयेत. त्या खोलीत कातडीचा रंग बघून कुणालाही काम वाटू नये, ही माझी अट.

खुद्द माणिकरावाचा घरावर काडीचाही हक्क नाही. आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या पत्रिका त्याने छापून आणल्या. शोकाकुल म्हणून भाचे होते, जावई होते, आईला कधी न भेटलेला एक पुढारीही होता. मी नव्हतो. तिचा एकुलता एक मुलगा. मी विचारले तर माणिकराव म्हणाला, "दादा, तुमचं नाव टाकलं की पावणे लय ईचारतेत. परत्येकाला काय सांगत बसावं?" मी त्या दिवशी आईच्या फोटोशेजारी बसून होतो आणि आलेली माणसे मला ओलांडून त्याचे सांत्वन करत होती. हे मी माफ केलेले नाही. मेल्यावर माणूस मोठ्या मनाचा होतो म्हणतात. माझ्याबाबतीत तसे धरून चालू नये.

३. बाजाची पेटी मात्र माणिकरावाला द्यावी. ती त्याच्या वडिलांची, माझ्या मामांची. शाळेच्या गॅदरिंगला मास्तर मला दरवर्षी न विचारता राक्षस करत. एकदा आई कामावरून तशीच शाळेत आली नि म्हणाली, "मास्तर, माज्या लेकराला येकदा माणसाचं काम द्या की." मास्तर हसले. मामा भगवानराव हसले नाहीत. त्यांचा जलसा होता. त्यांनी मला गावोगाव नेले, मालकाला जाब विचारणाऱ्या सालगड्याचे काम दिले आणि सांगितले, "तोंडाकडं बघू दे लोकांला. तू बोल. बोलायलास तोवर कुणाची छाती न्हाई उठून जायची." मी नट झालो तो तिथे. अशा बापाच्या पोटी तो पत्रिका छापणारा निघाला, हे माझ्या समजुतीपलीकडचे आहे.

४. सिनेमाविषयी. मुंबईत मी पुष्कळ सिनेमांत दिसलो. गर्दुल्ला, तस्कर, मांत्रिक, जंगलातला सरदार, याखेरीज मला काम मिळाले नाही. एका मराठी सिनेमात बऱ्यापैकी लांबीची भूमिका मिळाली. मी पहिले वाक्य म्हटले आणि दिग्दर्शक ओरडले, "अहो, इतकं स्वच्छ नको! तोडकं-मोडकं बोला, बाहेरचे वाटायला हवेत." मी म्हणालो, "मला दुसरी भाषाच येत नाही. मोडू कशी?" चित्रीकरण त्यांनी तसेच पुरे केले, आणि मागाहून मला न सांगता दुसऱ्याचा आवाज भरला. त्या दिग्दर्शकाचे नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या कागदावर त्याला जागा नाही.

तो सिनेमा परभणीच्या टॉकीजमध्ये लागला तेव्हा मी आईला हौसेने घेऊन गेलो. पडद्यावर माझे तोंड उघडले आणि कुणीतरी भलताच "हम तुमको मारेगा" छापाचे मराठी बोलू लागला. लोक खिदळले. आईने माझा हात धरला. "नागू, ह्यो तुजा आवाज न्हाई रे. तुजा कुटं गेला?" ती उठली आणि आम्ही अर्ध्यातून बाहेर पडलो.

५. आता हे मृत्युपत्र ज्यासाठी केले ते कलम. गेल्या दिवाळीनंतर त्याच सिनेमाच्या निर्मात्याच्या संस्थेचा माणूस घरी आला. तो सिनेमा नव्याने काढायचा आहे. माझी प्रकृती ठीक नसल्याचे त्यांना कळले होते. संगणकावर माझा चेहरा तरुण करून वापरता येतो, मी नसलो तरी अडत नाही, फक्त सही हवी, असे तो चहा पिता पिता म्हणाला. मी विचारले, "आणि बोलणार कोण?" तो म्हणाला, "त्याची काळजी नको सर, आवाज आम्ही टाकू."

मी त्याला घराबाहेर काढले. आता कागदोपत्रीही बाहेर काढतो. माझ्या मृत्यूनंतर माझा चेहरा, देह वा चालण्याची लकब यंत्राने बनवून कुठल्याही सिनेमात, मालिकेत, जाहिरातीत वापरण्यास माझी साफ मनाई आहे. कितीही पैसे दिले तरी शुभदाने, निकिताने किंवा आणखी कुणी माझ्या वतीने सही करू नये. केल्यास ती व्यक्ती माझी वारस नाही.

इथवर वाचून शुभदा म्हणाली, "हे मृत्युपत्र आहे की भांडण?" मी म्हणालो, "दोन्ही. भांडणाला वेगळा स्टॅम्पपेपर कुठून आणू?" ती हसली नाही. म्हणाली, "मग बारीक अक्षरात नको लिहूस." म्हणून वरचे कलम ठळक लिहिले आहे.

६. नाटकाचे सगळे कपडे आणि रंगभूषेचे सामान निकिताला. त्यातला विटका सदरा तिने जपावा. तो घालून मी शेताच्या बांधावरून भावाशी भांडणाऱ्या म्हाताऱ्याचे काम करत असे. स्पर्धेत एक परीक्षक म्हणाले, "अभिनय उत्तम, पण हे गृहस्थ इथले शेतकरी वाटत नाहीत." पुढे तोच प्रयोग आम्ही पोखर्णीला केला. संपल्यावर चांगुणाबाई नावाची म्हातारी थेट रंगमंचामागे आली आणि मला झापू लागली, "माज्या धाकल्या दिरासारका हायेस बघ मेल्या! हातभर बांधासाटी सख्ख्या भावाला रडवलास!" मी तिच्या पाया पडलो. आयुष्यात मिळालेल्या बक्षिसांपैकी हे एकच मी मोजतो. बाकीची स्मृतिचिन्हे भंगारात घालावीत.

७. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा, पुढे शुभदाने चालावे. बातमी द्यायची तर "नट नागसेन वाव्हळे यांचे निधन" एवढीच द्यावी. "आफ्रिकी वंशाचे" वगैरे जोडणाऱ्याला शुभदाने फोन करून बोलावे. तिला बोलता येते.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभदाने करावी. मी शुद्धीत असल्याचा दाखला देण्यासाठी बाहेरगावाहून नवे आलेले एक डॉक्टर घरी आले. त्यांनी आधी शुभदाला विचारले, "यांना मराठी समजतं ना?" मग नाडी, रक्तदाब पाहिला, वार विचारला, तारीख विचारली. सगळे बरोबर निघाले. कागदावर सही करता करता थांबून म्हणाले, "मूळचे कुठले आपण?"

"मानवतचा."

"तसं नाही. त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी आईच्या पोटात होतो, डॉक्टरसाहेब. ती पण मानवतची."

त्यांनी सही केली.

स्थळ : मानवत
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणार : नागसेन कुसुम वाव्हळे (सही)

वरील इसमाने हे मृत्युपत्र वाचून, समजून आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत सह्या केल्या.

साक्षीदार :
१. राजेश्री योगीराज होगे, राहणार पाथरी (सही)
२. सिद्धोधन मुंजाजी खिल्लारे, राहणार मानवत (सही)