अण्णांच्या हातचं सूप

माझी माय,

काल हदगावहून लातूरला परतले. अण्णांना कायमचं आणायला गेले होते आणि एकटीच आले. एकटी आले याचा मला इतका अभिमान वाटतोय की कुणाला सांगू असं झालंय. शेवटी म्हटलं, हे ऐकून जिला सगळ्यात जास्त नवल वाटेल तिलाच लिहावं.

माय, अण्णा सयपाक करतात. खरंच करतात.

तुला राग येईल, पण एक बोलूनच टाकते. एवढ्या वर्षांच्या संसारात तू त्यांना चुलीजवळ फिरकू दिलं नाहीस. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन दिलास. "गड्याचं काय काम सयपाकघरात," म्हणायचीस. आणि मग एका दुपारी काही न सांगता निघून गेलीस. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे होते. म्हणाले, "छाया, मीठ कुठं ठेवत होती गं ती?" त्यांना असं परकं करून जायला नको होतंस तू.

पुढं काय झालं असेल, तू ओळखलंच असशील. चौकातल्या हॉटेलातली भजी, शेजारून आलेली भाकरी, तिच्यावर ठेचा आणि दिवसभर चहा. पावसाळा सरता सरता पोटात जखम झाली. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "तिखट, तेलकट बंद. हलकं आणि वेळेवर जेवण पाहिजे. घरी कोण करतं?" मी म्हटलं, "मी करते. लातूरला घेऊन जाते."

आणलं. तुझ्या जावयानं, नातवानं त्यांना जपलं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून तो माणूस काय करणार? गावाकडं फोन लावून हरभरा किती उगवला ते विचारायचा. समोर ठेवलेलं मुकाट खायचा. पोट सुधारत होतं, पण बोलणं आटत चाललं होतं.

माझ्याकडं एक स्लो कुकर आहे, तू पाहिला नाहीस. आत चिनी मातीचं जाड भांडं, विजेवर मंद तापणारं. सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यात भाज्या टाकून जायची, दुपारी येईपर्यंत सूप तयार. अण्णा ते लांबून बघत होते. एक दिवस म्हणाले, "याची शिट्टी कधी व्हते?"

"होतच नाही, अण्णा."

"मग शिजलं ते कसं कळतंय?"

"वास येतो की."

"आन् याला सूप म्हणायचं? सूप पाखडायला असतंय." पण त्या रविवारी ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी सुरी हातात घेतली.

पहिलं गाजर त्यांनी कडबा तोडल्यासारखं तोडलं. मी सांगितलं, तुकडे एकसारखे पाहिजेत, नाहीतर एक कच्चा राहतो आणि दुसऱ्याचा गाळ होतो. दुधी, गाजर, टोमॅटो, भिजवलेली मूगडाळ, आल्याचा तुकडा, जिरं, थोडं मीठ. पाणी भाज्या बुडतील एवढंच. तेलाचा थेंब नाही. पालक अगदी शेवटी. हे सगळं त्यांना जमलं. जमेना ते एकच, झाकण न उचलणं. सारखे उघडून बघायचे आणि वाफ निघून जायची. शेवटी भांड्याकडं पाठ करून बसले.

थोड्या वेळानं म्हणाले, "तुझी माय खुरपायला जाताना चुलीतल्या आरावर गाडगं ठेवून जायची. येईपर्यंत डाळ शिजून ऱ्हायची. तिला तरी कुठं शिट्टी लागत होती."

तू गेल्यावर तुझं नाव काढलं की त्यांचे डोळे भरून यायचे. त्या दिवशी आले नाहीत. शेजारच्या बाईबद्दल बोलावं तसं साधं बोलले, आणि मलाच डोळे पुसावे लागले.

दहा-पंधरा दिवस रोज त्यांनीच सूप केलं. मग एका संध्याकाळी म्हणाले, "हे भांडं मला दे. मी घरी जातो."

मी भांडले. एकटं राहायचं? तिथं लाईन सारखी जाते, पुन्हा दवाखान्यात पडलात म्हणजे? त्यांनी ऐकून घेतलं. "म्हैनाभर बघ. न्हाई जमलं तर तू म्हणशील तिथं ऱ्हातो."

दिलं भांडं. रोज फोनवर "जेवलो" म्हणायचे. पण हॉटेलातली भजी खायचे तेव्हाही "जेवलो"च म्हणत होते, म्हणून माझा भरवसा बसेना. महिना झाल्यावर न सांगताच हदगाव गाठलं.

दुपार व्हायची होती. बाहेरच्या ओट्यावर त्यांचे दोस्त बंडूतात्या बसले होते आणि आत बघून ओरडत होते, "बायकांचं काम करून ऱ्हायलास का रे?"

आतून अण्णांचा आवाज आला, "हाव. भूक लागली आसंल तर बस, न्हाई तर चावडीवर जा."

तात्या हसले आणि बसून राहिले.

मी दारातून बघितलं. आत गॅसचा ओटा पुसलेला. स्लो कुकरचं झाकण बंद. शेजारी परसातल्या शेवग्याचा कोवळा पाला धुऊन ठेवलेला. मी म्हटलं, "हे मी कुठं शिकवलं होतं?"

मला बघून ते दचकले नाहीत. "तू सांगितलं तेवढंच करत बसू काय?"

तेवढ्यात लाईन गेली. मला वाटलं, आता कळेल. त्यांनी शांतपणे वायर काढली, भांडं फडक्यानं धरलं, सूप पातेल्यात ओतलं आणि गॅस बारीक करून वर ठेवलं. "हे भांडं गॅसवर ठेवू नये बरं," मला म्हणाले, "तडकतंय." भांडं माझं, आणि समजावत होते मला!

मग ताटली, वाटी, लिंबाची फोड मांडली. "बस," म्हणाले. माय, जन्मात पहिल्यांदा अण्णांनी मला वाढलं. आलं जरा जास्त झालं होतं, पण चव होती. बंडूतात्यांनी दुसरी वाटी मागून घेतली. जेवता जेवता अण्णा म्हणाले, "मागच्या आठवड्यात यस्टीनं नांदेडला जाऊन आलो. डाक्टर म्हनला जखम भरली."

"एकटेच गेलात?"

"मग काय वरात नेऊ?"

वाट्या धुताना त्यांनी विचारलं, "मला न्यायला आलीस?"

"हाव."

"मग?"

"मग काय. जेवले, आता जाते."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा असा खुलला की तू बघायला पाहिजे होतीस. का गं नव्हतीस?

तुला शब्द देते, माय. ते धड आहेत तोवर मी त्यांना ओढून आणणार नाही. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाला त्यांच्याकडं पाठवणार आहे, चिरायला आणि शिजवायला शिकायला. आपल्या घरातल्या पुढच्या गड्याला हे शिकायला बायको जायची वेळ यायला नको.

तुझी लेक,
छाया