पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

१२ नोव्हेंबर, बुधवार

यादी दिली. द्यायला नको होती — दिली!

दीर शेखर अंगणवाडीतच आले. त्यांच्या लेकीच्या, समताच्या लग्नाच्या पत्रिका लिहायच्यात. "वैनी, तुमच्यापाशी मतदार यादी हाय ना? एक घर सुटलं तं जनमभर बोलतीन लोकं." अमडापुरात सगळे असंच करतात, यादी पाहूनच पत्रिकांवर नावं घालतात. पण मी दिली ती माझी बीएलओची, म्हणजे मतदार नोंदणीच्या कामाची प्रत. घरोघर फिरताना समासात पेन्सिलीनं प्रत्येकाचा मोबाईल नंबर लिहिते, म्हणजे पुन्हा पायपीट नको. "उद्या आणून देतो," म्हणाले.

१३ नोव्हेंबर

नाही आणली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज भात वाढता वाढता आठवलं. शेवटच्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलेली रेवती आहे!

तिचं नाव अजून यादीत छापून यायचंय. गुलनारआपांकडे खोली घेऊन राहते, दोघी शिवणकाम करतात. नवरा लोणारचा. मारून मारून तिचा डावा कान गेला. फॉर्म भरताना म्हणाली होती, "धम्मशीलाताई, हा नंबर कोणाच्या हाती तं नाही ना लागणार? तो शोधून राह्यला मले." अन् मग हसून — "यंदा पह्यल्यांदा माह्या मनानं मत टाकीन." मी शब्द दिला. आता तिचं नाव, नंबर, 'गुलनारबी यांचे घर' — सगळं माझ्याच अक्षरात!

ट्रेनिंगला साहेबांनी बजावलं होतं, फॉर्मवरचा नंबर यादीच्या कामापुरताच. बाहेर दिला तर नोकरी जाते, जेलही होते. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. लिहून घेतलं, बस्स!

१५ नोव्हेंबर

अरे देवा. भाऊजींनी पानांचे फोटो काढून 'समताचं लग्न' ग्रुपवर टाकले! खाली — कोणाचं नाव राह्यलं असन तं सांगा. नवरदेवाकडची सगळी मंडळी लोणारची!

फोनवर ओरडले मी. "काऊन एवढ्या कावून राह्यल्या, वैनी? पत्रिकेचीच तं गोष्ट हाय!"

ग्रुपवरून फोटो डिलीट केले म्हणे. ज्यांनी पाहिले त्यांचं काय?

रवीला सांगितलं. नवरा म्हणून धीर देईल वाटलं. "चूप राह्य," एवढंच बोलला. रात्रभर जेलच डोळ्यापुढं. खरं लिहिते — आधी स्वतःची भीती वाटली, रेवतीची नंतर. लाज वाटते.

१६ नोव्हेंबर

गुलनारआपांकडे निघाले. कोपऱ्यावरून परत आले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी अंगणवाडीच्या दारात एक माणूस. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "ताई, रेवती कुठं राह्यते? घरची आहे आमच्या." मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं मोबाईल पुढं केला. माझं पान! "हे अक्षर तुमचंच ना?"

"गुलनारबी नावाच्या चार बाया हायेत गावात," मी म्हटलं. चार नाहीत. दोनच आहेत. दुसरीचं घर पार बसस्टँडपलीकडं आहे, तिकडं पाठवला त्याला.

मग मागच्या बोळातून गुलनारआपांकडे पळत सुटले. सगळं सांगून टाकलं. रेवतीनं मशीन बंद केलं, पिशवी काढली. कपडे भरायला लागली. गुलनारआपा मात्र कडाडल्या, "इतना भरोसा किया था तुमपे!" त्यांचा जावई तिला मोटरसायकलवर घेऊन गेला. कुठं, ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्कच राहिला नाही मला.

१९ नोव्हेंबर

तहसीलमध्ये सगळं लेखी दिलं, सही केली. त्या माणसाबद्दल पोलिसांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, चौकशी लागेल. रवी जेवला नाही.

२४ नोव्हेंबर

अनोळखी नंबरवरून मेसेज. "ताई, मी बरी हाय. माहा फॉर्म रद्द करा. आता कुठंच नाव नाही लावणार. मत नको मले."