राहून गेलेला पूल

१२ मार्च, सोमवार

सायगॉन सुटलं. तिकिटं तीन — माझं, सवतीचं आणि नवऱ्याचं. नवरा भाजक्या मातीच्या पेटीत, लाल कापडात गुंडाळलेला, समोरच्या बर्थवर. बर्थखाली सरकवणार नाही म्हणजे नाही. आयुष्यभर ऐसपैस झोपला, आता का अंग चोरील?

मला अक्षर येत नाही. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा नेमकी त्याच वेळी माझी म्हैस हरवायची, रोज. म्हणून सांगते मी, लिहिते सवत. येन तिचं नाव. 'सवत' लिहिताना पेन थांबलं तिचं. लिही म्हटलं, याहून बरा शब्द असला तर सुचव.

तिकीट तपासायला पोरगी आली. "आजी, तिसरे कुठायत?"

"झोपलेत."

"उठवा की जरा."

"तीन वर्षं आम्ही दोघी उठवतोय. बघ, तुझं ऐकतात का."

तिने लाल कापड पाहिलं. हात जोडले आणि तिसरं तिकीटही तपासलं. पोरगी शहाणी.

त्याच दिवशी, जेवणानंतर

खोय, आमचा नवरा, लढाईला म्हणून दक्षिणेत गेला. लढाई संपली, हा तिथेच! बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि येनच्या हातचा मासा खायचा — साखर घातलेला. मलाही आज तोच वाढला. वाईट नाही. (हे लिहू नको म्हटलं होतं.)

तीन वर्षांपूर्वी गेला. आमच्यात तीन वर्षांनी हाडं वर काढून धुतात आणि पेटीत घालून पुन्हा पुरतात. ती वेळ झाली तशी येनने फोन केला, "ताई, न्यायचे असतील तर या." दोघींनी मिळून धुतली. मोडून सांधलेली बरगडी मी ओळखली, गुडघ्याची वाटी तिने.

थोरले दीर दोआन, त्यांचा हुकूम आहे — बुधवारी शेतात खड्डा तयार, भावाला आण, ती बाई नको. येनला काय हवंय? त्याच्यावर मूठभर माती टाकायची. एवढंच. ती टाकणार. मी बघते कोण अडवतं.

१३ मार्च, सकाळ

झोप नाही. दर पुलाला हाक मारायची, एक नोट खिडकीतून सोडायची. नाहीतर गेलेलं माणूस पाण्याला अडतं, अलीकडेच राहतं. येन म्हणते, "अहो, पूल आला, जपून." मी म्हणते, "ऊठ, चल." ज्याची त्याची सवय.

१३ मार्च, ह्वे स्टेशन

घोटाळा झाला.

हाय वानचा घाट आला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, गाडी अशी वळते की शेपूट दिसतं. मी साठ वर्षं भाताची शेतंच पाहिली, आणि सायगॉनला जाताना इथे रात्र होती. बघतच राहिले. येनही. तोंडातलं पान चघळायचं राहिलं माझं. घाट उतरला, खाडी आली, गेली — आणि येन ओरडली, "ताई, पूल!"

पूल मागे पडला होता. आणि खोय पुलामागे.

ह्वेला उतरलो, पेटी घेऊन. दिरांना फोन लावला.

"दोन बायकांना एक पूल सांभाळता येईना?"

"एक नवरा सांभाळला ना दोघींनी, भावजी. पूल चुकायचाच एखादा."

"बुधवारी नाही आलात तर खड्डा बुजवीन."

"बुजवा. गुरुवारी परत खणा."

"आणि ती बाई—"

फोन मी बंद केला. कुठलं बटण ते येनने दाखवलं.

१३ मार्च, दिवस मावळताना, खाडीच्या काठी

बसने मागे आलो. पूल ओलांडून पलीकडे गेलो, उदबत्ती लावली, हाका मारल्या. मग नाणी टाकली — जुनी दोन, एका बाजूला चुना फासलेली. एक पांढरं, एक काळं पडलं की गेलेल्या माणसाचा होकार.

"येतोस का गावाला?" दोन्ही पांढरी.

येनने विचारलं, "अहो, ताई एवढ्या लांबून आल्यात." दोन्ही काळी.

तिसऱ्यांदा मी दरडावून टाकली. दोन्ही पांढरी.

येन रडायला लागली. "मला नाही नेणार म्हणून अडून बसलेत." मी म्हटलं, तुझ्यासाठी कशाला, समुद्र बघत बसलाय मेला. आणि तिचे डोळे माझ्या डोईच्या फडक्याने पुसले. फडकं धुवायला झालं.

१४ मार्च

गाडीत. आज पुलांवर कुणीच हाक मारली नाही.

१५ मार्च, गुरुवार

आमचं स्टेशन. दीर सगळं कूळ घेऊन फलाटावर. पेटी डब्याच्या दारातूनच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि येनला म्हणाले, "बाई, तुम्ही गाडीतच थांबा."

मग मीही थांबले. "थोआ, उतर!" असं दीर मला म्हणेपर्यंत गाडी हलली.

येन विचारते, "ताई, आता कुठे?"

म्हटलं, खाडीकाठी, नवऱ्याकडे.