किडनीवाल्या ताईस तपासणीचा वृत्तांत

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. आधी तुझ्या किडनीची खुशाली, कारण फोनवरही तू आधी तिचीच चौकशी करतेस: ती मजेत आहे. तिच्या आजूबाजूची मीही बरी आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

तर तुझ्या हुकमाप्रमाणे छातीची तपासणी करून आले. अंगाने तुझी किडनी परकी म्हणून हाकलू नये यासाठी मी ज्या गोळ्या खाते, त्या प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात, म्हणजे कॅन्सरला दार सताड उघडं, असं म्हणून तू महिनाभर माझं डोकं खाल्लंस. (स्वतःच्या छातीत वाटाण्याएवढी गाठ लागतेय, पण "मी कुठे गोळ्या खाते?" म्हणून तिचा विषयच नाही. धन्य आहेस बाई!) मी छान पावडरबिवडर लावून गेले, तर तिथल्या बाईंनी आधी धुवायला पाठवलं, पावडरीमुळे फोटोत भलतंच दिसतं म्हणे. मग ते यंत्र. दोन पाट्यांमध्ये छाती अशी दाबतात, की इतकी वर्षं ज्या कॉलरींवर मी इस्त्री दाबली त्यांची मला कीव आली. पण जीव अडकला होता तुझ्या किडनीत. मी ओटीपोट घट्ट धरून ओरडले, "जरा सांभाळून हो, बहिणीची आहे!" बाई चक्रावल्याच. उसनी छाती घेऊन आलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. मग मी खालचा व्रण दाखवून खुलासा केला.

रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरीणबाईंना तुझं ते उघड्या दाराचं शास्त्र ऐकवलं. त्या म्हणाल्या, या गोळ्यांनी कातडीच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो, तेव्हा उन्हात टोपी घाला. स्तनाचा मात्र साधारण इतर बायकांएवढाच. मी विचारलं, "म्हणजे ताईएवढाच?" आणि तुझ्या गाठीचं सांगून टाकलं. त्या चिडल्याच. "अहो, मग आधी त्यांना आणायचं ना!" मला तिथेच रडू आलं गं.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. मंगळवारी सकाळची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. तुला विचारलं नाही. किडनी देताना तू तरी मला कुठे विचारलं होतंस? पावडर लावू नकोस.

पुन्हा ता. क. आली नाहीस तर त्या दिवसापासून पाण्याचा घोट घेणार नाही. किडनी तुझी आहे, तूच काय ते बघ.

शेवटचं ता. क. पाणी पिईन गं. पण ये.