पाव फेरा

४ सप्टेंबर

मी, वय वर्षे चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, दोघा भावांच्या या वर्कशॉपमधला थोरला. हत्यारे धाकट्याकडे, टेबल माझ्याकडे. ही वही आजपासून एकाच कारणासाठी — डॉक्टरबाईंच्या लाल स्पोर्ट्‌स कारची थरथर. कारण सापडेपर्यंत सर्व काही तारखेनिशी लिहायचे. गाडी आपल्याकडून सर्व्हिसिंग होऊन २८ ऑगस्टला गेली. आज परत आली. कधी थरथरते, कधी नाही म्हणे!

बाई दातांच्या डॉक्टर. चार ग्राहकांसमोर म्हणाल्या, "अहो, खुर्चीतले माझे पेशंटसुद्धा इतके कापत नाहीत!" सगळे हसले. मीही हसलो. कान मात्र तापले होते.

धाकट्याने फिरवून आणली. काही नाही. स्टिअरिंग लोण्यासारखे.

५ सप्टेंबर

चाके न काढता, जागेवरच फिरवून तोल तपासला, टायर तपासले. निर्दोष. पुन्हा फेरी. काही नाही.

७ सप्टेंबर

आज बाईंनाच चालवायला सांगितले. मी शेजारी, वही गुडघ्यावर. गाडी इतकी बुटकी की बसताना आपण रस्त्यावरच बसलो असे वाटते. टेकडी चढताना शांत. उतरताना तीन वळणे शांत. चौथ्या वळणावर ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग बाईंच्या हातात लटलट कापू लागले! "आता तरी पटलं?" त्यांनी पाय उचलला — बंद. खाली पंधरा मिनिटे थांबून पुन्हा निघालो. नाही.

म्हणजे ब्रेक तापले की होते, निवले की जाते. आम्ही सपाट रस्त्यावर फिरवत बसलो होतो! नोंदी ठेवल्या म्हणून सापडले. धाकट्याला हे दोनदा ऐकवले.

८ सप्टेंबर

पुढच्या चाकाचा नट सुटेना. धाकटा पान्यावर चढून उभा राहिला, तेव्हा कुठे कुरकुरत सुटला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मग चाकामागच्या ब्रेकच्या डिस्कला मापाचा काटा लावला. डिस्क वाकडी. केसभरच, पण तापल्यावर तेवढे पुरते.

"नट जास्त आवळले गेलेत," इतकेच तो म्हणाला.

बाई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणालो, "चाकं तूच बसवलीस ना? हात आहे की हातोडा?" मी लेखी खुलासा मागितला. सख्ख्या भावाकडे, लेखी! त्याने बॉनेटवर कागद ठेवून लिहिले — 'चाकांचे नट माझ्या हातून प्रमाणाबाहेर आवळले गेले.' खाली सही. मी कागदाला भोके पाडून तो फायलीत लावला. सरळ रेषेत.

९ सप्टेंबर

धाकटा आपली हत्यारे वेगळ्या पेटीत भरतो आहे. पुलापलीकडच्या वर्कशॉपने त्याला केव्हापासून बोलावले होते. आता जातो म्हणाला. "पंधरा तारखेपासून, दादा. तुला भरवसा वाटेल असा हात शोध."

घरी ही म्हणाली, "अहो, बावीस वर्षं तो तुमच्या शेजारी खपतोय. परक्याकडे तरी असा कागद मागितला असता का?" मी म्हणालो, नियम तो नियम. ताट मात्र अर्धेच ठेवून उठलो.

११ सप्टेंबर

सुट्टी. दुपारी एकटाच वर्कशॉपमध्ये गेलो. पुढचे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो.

धाकटा नट आवळतो तो ठरावीक जोराला 'टक्' वाजणाऱ्या पान्याने. टक् झाले की थांबायचे. मला ते टक् कधीच पुरेसे वाटले नाही. म्हणून संध्याकाळी तो हात धुवायला गेला की मी लांब दांडीचा पाना घेऊन प्रत्येक नट आणखी पाव फेरा फिरवतो. गेली अकरा वर्षे. कुणालाही न सांगता. चाक निखळू नये म्हणून, असे स्वतःला बजावत आलो. खरे कारण एवढेच, की मला माझ्या भावाच्या हाताची खात्री नव्हती.

आज नवी डिस्क बसवली, काटा लावला. टक् होईपर्यंत आवळले — काटा जागेवर. मग माझा पाव फेरा, एकेका नटाला. काटा हलला. सैल केले, पुन्हा केले. पुन्हा हलला. तीनदा!

आणि आठ तारखेला नट कुरकुरला, तेव्हाच मला आतून कळले होते. तरीही मी बोललो ते बोललोच.

१२ सप्टेंबर

सांगायचे ठरवून त्याच्यापाशी गेलो. तोंडातून निघाले, "चहा घेतोस?"

१३ सप्टेंबर

आजही नाही.

१४ सप्टेंबर

सांगितले. डॉक्टरबाई गाडी न्यायला आल्या तेव्हाच, कारण अपमान त्यांच्यासमोर केला होता. तो कागद फायलीतून काढून फाडला. धाकटा चाकापाशी उकिडवा बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बरं." बाई म्हणाल्या, "चला, एकदाचं मूळ सापडलं." हसल्या त्या एकट्याच.

१५ सप्टेंबर

सकाळी गेलो, तर कुलूप आधीच उघडलेले. धाकटा काल तयार झालेल्या एका गाडीचे नट सैल करून पुन्हा टक् होईपर्यंत आवळत होता. "अरे, काल मी एकाही नटाला हात लावलेला नाही," मी म्हणालो.

"असेल. पण बघितलेलं बरं. अकरा वर्षं रोज सकाळी तुझा पाव फेरा काढतोय, दादा. गाड्या आपण सकाळीच देतो, म्हणून जमत होतं. डॉक्टरबाई सर्व्हिसिंगच्या दिवशी संध्याकाळीच घेऊन गेल्या. तेवढी एक राहिली."

"मग सही का केलीस?"

"बाई उभ्या होत्या ना. त्यांच्यासमोर तुझं नाव कसं घेऊ?"

शेवटचा नट झाला. हात पुसले, पेटी उचलली आणि गेला.

(सही)
थोरला
वर्कशॉप, १५ सप्टेंबर, सकाळचे सव्वानऊ